महाबलीचे माप : वसिली अलेक्सेयेव आणि वेटलिफ्टिंगचे शास्त्र

भरलेला गॅस सिलिंडर दारातून स्वयंपाकघरात नेताना आपल्या शरीराची एक गंमत लक्षात येते. साधारण तीस किलोंचे ते ओझे कमरेपर्यंत उचलणे धडधाकट माणसाला जमते. छातीपर्यंत आणताना दमछाक होते. आणि हात सरळ करून डोक्यावर धरायचे म्हटले, तर बहुतेकांना ते जमतच नाही. ओझे तेच, माणूसही तोच. मग उंची वाढत गेली तशी ताकद कुठे गेली?

आता हाच प्रश्न मोठा करून पाहू. जुलै १९७६ मध्ये मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये वसिली अलेक्सेयेव या सोविएत वेटलिफ्टरने २५५ किलोंचा बार जमिनीवरून उचलून डोक्यावर स्थिर धरला. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. आजच्या पद्धतीने एवढे वजन मांडायचे, तर २० किलोंच्या पोलादी बारला दोन्ही बाजूंनी २५ किलोंच्या चार-चार लाल प्लेट्स, १५ किलोंची एकेक पिवळी प्लेट आणि शेवटी त्या घट्ट धरायला अडीच-अडीच किलोंच्या कॉलर लागतात.

अलेक्सेयेव यांचे स्वतःचे वजन दीडशे किलोंच्या पुढे होते. एवढा प्रचंड माणूस एवढे वजन उचलणारच, असे फोटो पाहून वाटते. त्यांची कारकीर्द बारकाईने पाहिली की मात्र ध्यानात येते, की मोठा देह हे या खेळातले फक्त भांडवल आहे. यश मिळते ते सेकंदाचे आणि किलोचे माप सांभाळल्याने. हे माप कसे चालते, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

बार नेमका किती वर जातो?

आजच्या वेटलिफ्टिंगमध्ये दोन प्रकार असतात. ‘स्नॅच’मध्ये बार जमिनीवरून एकाच ओढीत थेट डोक्यावर न्यायचा. ‘क्लीन अँड जर्क’मध्ये दोन टप्पे : आधी बार खांद्यांवर घ्यायचा, मग तिथून डोक्यावर. प्रत्येक प्रकारात तीन प्रयत्न मिळतात आणि दोन्हींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज म्हणजे ‘टोटल’.

आपल्या शरीरातले सर्वांत मोठे स्नायू मांड्या, नितंब आणि पाठ इथे आहेत. दंड आणि खांदे त्यांच्या मानाने लहान. म्हणूनच सिलिंडर कमरेपर्यंत येतो आणि पुढे अडतो. अडीचशे किलो हातांच्या बळावर वर ढकलणे कुणालाच शक्य नाही. त्यामुळे वेटलिफ्टर पाय आणि कंबर वापरून बारला फक्त वेग देतो. हात त्या वेळी दोरासारखे बार धरून ठेवतात.

हा वेग किती कामाला येतो, याचे साधे गणित मांडता येते. जड क्लीनमध्ये ओढ संपताना बार सेकंदाला सव्वा मीटर वेगाने वर जात आहे असे धरू. तिथून पुढे कुणी हात लावला नाही, तर गुरुत्वाकर्षण त्याला थांबवेपर्यंत तो आणखी केवळ आठ सेंटिमीटर चढेल, आणि त्याला सेकंदाचा जेमतेम आठवा भाग लागेल. कमरेपासून खांद्यापर्यंतचे अंतर याच्या कितीतरी पट आहे. उरलेले अंतर कोण कापतो?

वेटलिफ्टर स्वतः. बार वर येत नसेल, तर तो बारखाली जातो. सुपात धान्य पाखडणारे हात आठवून पाहा. दाणे उडतात ते थोडेसेच. ते हवेत असताना सूप किंचित खाली सरकते आणि परतणाऱ्या दाण्यांना अलगद झेलते. वेटलिफ्टरही बार थोडाच उडवतो आणि तो जवळजवळ तरंगत असतानाच पाय उचलून, बारलाच धरून स्वतःला खाली ओढतो. बार खांद्यांवर टेकतो तेव्हा तो उकिडवा बसलेला असतो. मग पुन्हा पायांच्या जोरावर उभा राहतो. जर्कमध्येही तेच : गुडघे किंचित वाकवून बारला वर धक्का द्यायचा आणि एक पाय पुढे, एक मागे टाकत खाली शिरून कोपरे सरळ करायची.

अवजड गटातल्या माणसाची अडचण इथेच सुरू होते. भरदार पोट आणि जाड मांड्या असलेल्याला फार खोल बसता येत नाही, म्हणून त्याला बार हलक्या गटातल्या खेळाडूपेक्षा अधिक उंच ओढावा लागतो. शिवाय दीडशे किलोंचा देह क्षणार्धात खाली न्यायचा, तर त्याच्याकडे विलक्षण चपळाई हवी. अलेक्सेयेव यांच्याकडे ती होती.

देह वाढला, ताकद किती वाढली?

सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवले. स्नॅच ११३ किलो, क्लीन अँड जर्क १३५ किलो, एकूण २४८. कोपर दुखावले आणि सुवर्णपदक एका किलोने हुकले. १३५ म्हणजे त्याच्या वजनगटाच्या जवळपास अडीच पट. अलेक्सेयेव यांचे २५५ किलो मात्र त्यांच्या वजनाच्या दीड पटीपेक्षा थोडेसेच अधिक. मग बलवान कोण?

उत्तर भूमितीत आहे. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. वजन अवलंबून असते ते एकंदर घनफळावर. एखादे शरीर लांबी, रुंदी आणि जाडी अशा तिन्ही दिशांनी दुप्पट झाले, तर स्नायूंचा छेद दोन गुणिले दोन म्हणजे चौपट होतो, पण वजन दोन गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे आठपट होते. थोडक्यात, देह जितका मोठा, तितकी दर किलोमागची ताकद कमी.

हाच नियम आपल्या दोन खेळाडूंना लावू. ५५ किलोंवरून अलेक्सेयेव यांच्या १५७ किलोंवर गेले, तर वजन २.८५ पट वाढते, पण या हिशेबाने ताकद वाढते साधारण दुप्पट. १३५ ची दुप्पट २७०. अलेक्सेयेव यांचा विक्रम २५५. म्हणजे भूमितीच्या तराजूत सांगलीचा तरुण आणि तो महाकाय विक्रमवीर फार दूर नाहीत. थोडा फरक उरतो, कारण अवजड खेळाडूच्या वजनात चरबीचा वाटाही असतो आणि त्याला स्वतःचा देहही हलवावा लागतो.

या खेळात वजनगट असतात ते याच कारणाने. सर्वांत वरच्या गटाला मात्र कमाल मर्यादा नसते. १९६९ पासून ११० किलोंच्या वरचा ‘सुपर हेवीवेट’ गट सुरू झाला आणि वजन वाढवण्याला मुभा मिळाली. त्याचे फायदेही असतात. स्नायूंना जागा मिळते, समोरच्या जड बारला देहाचा तोल मिळतो, आणि श्वास रोखून जाड पोट आवळले की आतला दाब कण्याला आधार देतो. अलेक्सेयेव यांचा उदय नेमका याच काळातला.

शाख्तीचा एकांडा साधक

वसिली अलेक्सेयेव यांचा जन्म ७ जानेवारी १९४२ रोजी रशियाच्या र्‍याझान भागातल्या पोक्रोवो-शिश्किनो गावी झाला. लहानपणीच कुटुंब उत्तरेकडे अर्खांगेल्स्क प्रदेशात गेले. तिथे लाकूडतोडीच्या वस्तीत ओंडके उचलणे हे रोजचे काम होते. पुढे ते दक्षिण रशियातल्या शाख्ती या कोळशाच्या खाणींच्या गावी स्थायिक झाले आणि खाण-अभियंता झाले.

शाख्तीत १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचे सुवर्णविजेते रुडॉल्फ प्ल्युकफेल्डर प्रशिक्षण देत. अलेक्सेयेव काही काळ त्यांच्या हाताखाली होते, पण दोघांचे पटले नाही. १९६८ मध्ये त्यांनी ती तालीम सोडली आणि स्वतःचा सराव स्वतः आखायला घेतला. प्रत्येक खेळाडूचा कार्यक्रम प्रशिक्षक ठरवतो अशा सोविएत व्यवस्थेत हे धाडसच होते.

त्यांच्या पद्धतीत दोन गोष्टी ठळक होत्या. एक, कमाल वजन वारंवार न उचलता मध्यम वजनाच्या भरपूर आवृत्त्या करणे. दोन, पाठीचे विशेष व्यायाम : पाय अडकवून पालथे पडायचे, धड खाली सोडायचे आणि पाठीच्या बळावर वर आणायचे. पाण्यातही ते व्यायाम करत.

यामागचा विचार पक्का होता. ओढताना जोर पायांतून येतो, पण बारपर्यंत पोचतो तो पाठीतून. पाठ जरा वाकली, तर पायांची ताकद वाटेतच वाया जाते आणि मणक्यावर भलता ताण येतो. ताकद वाढण्याचेही दोन टप्पे आहेत. आधी मज्जासंस्था एकाच वेळी अधिक स्नायुतंतूंना कामाला लावायला शिकते. मग तंतू जाड होतात. कमाल वजनाने मज्जासंस्था लवकर थकते आणि दुखापतीचा धोका वाढतो. मध्यम वजनाने हालचाल घोटली जाते, आणि शरीराला सावरायला वेळ मिळतो.

फळ लवकरच दिसले. जानेवारी १९७० मध्ये वेलिकिये लुकी इथे त्यांनी पहिले जागतिक विक्रम केले. १८ मार्च १९७० रोजी मिन्स्कमध्ये तीन प्रकार मिळून ६०० किलो उचलणारे ते पहिले ठरले. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेतल्या कोलंबस शहरी जागतिक स्पर्धेत त्यांनी क्लीन अँड जर्कमध्ये २२७.५ किलो उचलले. ५०० पौंडांची सीमा प्रथमच ओलांडली गेली होती.

बाद झालेला तिसरा प्रकार

वर ‘तीन प्रकार’ म्हटले आहे, कारण तेव्हा ‘प्रेस’ हा आणखी एक प्रकार होता. बार खांद्यांवर घ्यायचा आणि पायांची मदत न घेता, ताठ उभे राहून, केवळ हातांनी डोक्यावर ढकलायचा. सिलिंडरच्या कोड्यात आपण जिथे अडतो, तीच जागा.

वजने वाढत गेली तसा हा प्रकार बदलत गेला. खेळाडू कंबर पुढे झटकून मागे झुकू लागले. छातीचे स्नायू त्यामुळे मदतीला येत. किती झुकले की बाद, यावर पंचांचे एकमत होईना, आणि कण्याच्या दुखापतीची भीती होतीच. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर प्रेस रद्द झाला.

म्युनिकमध्ये अलेक्सेयेव यांनी प्रेस २३५, स्नॅच १७५ आणि क्लीन अँड जर्क २३० अशी ६४० किलोंची टोटल करून सुवर्ण जिंकले. पश्चिम जर्मनीचे रुडॉल्फ मांग ६१० किलोंवर दुसरे आले. २३५ चा आकडा पुन्हा पाहा : केवळ ढकलून उचललेले वजन हे जर्कपेक्षाही अधिक होते! प्रेस गेल्याने त्यांचे सर्वांत मोठे हत्यारच काढून घेतले गेले. आता उरले ते वेग आणि चपळाई मागणारे दोन प्रकार, आणि वय तिशी ओलांडलेले.

प्रेस वगळता म्युनिकमधली त्यांची बेरीज होते ४०५ किलो. चार वर्षांनी, ३४ व्या वर्षी, मॉन्ट्रियलमध्ये त्याच दोन प्रकारांत त्यांनी १८५ अधिक २५५ म्हणजे ४४० किलो उचलले. ही ३५ किलोंची वाढ त्यांच्या कारकिर्दीतली मला सर्वांत मोलाची वाटते. नियम बदलल्यावर त्यांनी स्वतःची ताकद नव्या घाटात बसवली. त्या दिवशी दुसरे आलेले पूर्व जर्मनीचे गेर्ड बोंक ३५ किलोंनी मागे होते, आणि अलेक्सेयेव यांचे २५५ किलो हे बोंक यांच्याच २५२.५ किलोंच्या विक्रमावरचे उत्तर होते.

अर्ध्या किलोची पायरी

१९७० ते १९७७ या काळात अलेक्सेयेव यांच्या नावावर ८० जागतिक विक्रम लागले आणि सलग आठ वर्षे ते जगज्जेते राहिले. एवढे विक्रम कसे शक्य झाले?

त्या काळी बारवरचे वजन एरवी अडीच किलोंच्या पटीत वाढे, पण विक्रमाच्या प्रयत्नात अर्धा किलो वाढवला तरी चाले. अलेक्सेयेव यांनी या नियमाचा पुरेपूर उपयोग केला. प्रत्येक नव्या विक्रमाला सोविएत सरकार रोख बक्षीस देत असल्याचे तेव्हाच्या वृत्तांतांत येई, त्यामुळे एकदम मोठी उडी घेणे तोट्याचे होते. पण हे केवळ पैशाचे गणित नव्हते. कोलंबसच्या २२७.५ किलोंपासून नोव्हेंबर १९७७ मधल्या मॉस्कोतल्या २५६ किलोंपर्यंत, म्हणजे सात वर्षांत, वाढ झाली २८.५ किलो, वर्षाला सरासरी चार किलो. शरीर ताकद कमावते ती याच संथ गतीने. स्नायू महिन्यांत वाढतात, पण स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा बळकट व्हायला अधिक काळ लागतो. घाई केली तर आधी त्याच दगा देतात. छोटी पायरी घेणारा अधिक काळ चढत राहतो.

२००५ पासून बार एकेका किलोने वाढवण्याचा नियम आला आणि अर्ध्या किलोचे विक्रम इतिहासजमा झाले.

मॉस्कोतले तीन प्रयत्न

१९७८ मध्ये अमेरिकेत गेटिसबर्गच्या जागतिक स्पर्धेत अलेक्सेयेव यांच्या खुब्याला दुखापत झाली आणि विजयांची मालिका तुटली. पुढची दोन वर्षे ते मोठ्या स्पर्धांपासून दूर राहिले आणि १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये, ३८ व्या वर्षी, मायदेशातल्या प्रेक्षकांसमोर थेट उतरले.

त्यांनी स्नॅचची सुरुवात १८० किलोंनी केली. तिन्ही प्रयत्न फसले. या खेळात बारवरचे वजन वाढवता येते, कमी कधीच करता येत नाही. त्यामुळे पहिले वजन चुकीचे निवडले, तर त्याच वजनाशी पुन्हा झुंजावे लागते. तीनही प्रयत्न गेले की त्या प्रकारात शून्य, आणि टोटलच नाही. दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांचा मानकरी तक्त्यात निकालाविना राहिला. सुवर्ण जिंकले त्यांचेच सहकारी सुलतान रखमानोव यांनी, ४४० किलो उचलून. मॉन्ट्रियलमध्ये अलेक्सेयेव यांची टोटल नेमकी एवढीच होती.

१८० हे वजन त्यांच्या मॉन्ट्रियलच्या स्नॅचपेक्षा पाच किलोंनी कमी होते. मग अडले कुठे? स्नॅचमध्ये ताकदीइतकीच वेळ महत्त्वाची असते. बार तरंगतो त्या सेकंदाच्या लहानशा तुकड्यात शरीर खाली पोचायला हवे, आणि ही अचूकता स्पर्धेच्या ताणाखालीच टिकते. वयाबरोबर सर्वांत आधी उतरतो तोही वेगच. नुसती ताकद बरीच वर्षे टिकून राहते. १८० किलो ओढण्याइतका जोर कदाचित शिल्लक होता, पण त्याखाली वेळेत पोचण्याची हमी नव्हती. जो माणूस अर्ध्या किलोचेही माप ठेवत असे, त्याला त्या दिवशी सुरुवातीच्या वजनाचे माप चुकीचे ठरल्याची किंमत मोजावी लागली.

औषधांचा हिशेब

त्या काळातल्या विक्रमांबद्दल बोलताना उत्तेजक औषधांचा विषय टाळता येत नाही. स्नायू वाढवणाऱ्या स्टेरॉइडची चाचणी ऑलिंपिकमध्ये प्रथम झाली ती मॉन्ट्रियललाच, आणि तिथे अनेक वेटलिफ्टर पकडले गेले. पूर्व जर्मनीत तर सरकारी यंत्रणाच खेळाडूंना अशी औषधे देत होती. अलेक्सेयेव यांचे प्रतिस्पर्धी गेर्ड बोंक यांनी त्याची भयंकर किंमत मोजली : मधुमेह, निकामी मूत्रपिंडे, आणि २०१४ मध्ये मृत्यू.

आकड्यांवरही त्याचा ठसा आहे. सोविएत संघाचे लिओनिद तारानेंको यांनी १९८८ मध्ये कॅनबेरात क्लीन अँड जर्कमध्ये २६६ किलो उचलले. त्याच्या पुढचा एक किलो गाठायला ३३ वर्षे लागली : डिसेंबर २०२१ मध्ये ताश्कंद इथे जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झे यांनी २६७ किलो उचलले. त्यांनीही तारुण्यात बंदी असलेल्या औषधासाठी दोन वर्षांची शिक्षा भोगली होती. हा खेळ आवडणाऱ्यांनी हे आकडे डोळे उघडे ठेवूनच वाचले पाहिजेत.

पाहताना काय पाहावे?

खेळाडू म्हणून निवृत्त झाल्यावर अलेक्सेयेव प्रशिक्षक झाले. सोविएत संघ फुटल्यावर, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये, संयुक्त संघाच्या वेटलिफ्टरांचे ते मुख्य प्रशिक्षक होते. त्या संघाने पाच सुवर्णपदके जिंकली. स्वतः आखलेला सराव दुसऱ्यांनाही उपयोगी पडतो, हे त्यातून दिसले. २५ नोव्हेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले, तेही म्युनिकमध्ये, जिथे त्यांनी पहिले ऑलिंपिक सुवर्ण जिंकले होते.

यापुढे वेटलिफ्टिंगची स्पर्धा पाहाल तेव्हा नजर खेळाडूच्या दंडांवरून हटवून पावलांवर ठेवा. ती जमिनीवरून कधी सुटतात आणि किती लवकर पुन्हा टेकतात, यावर वजन पेलले जाणार की नाही ते बहुधा ठरलेले असते. आणि सुरुवातीला कोणते वजन मागितले, तेही पाहा. त्या एका आकड्यात खेळाडूने स्वतःला किती ओळखले आहे, हे दिसते.

थोडक्यात

• मोठे वजन हातांनी ढकलले जात नाही. पाय आणि पाठ बारला वेग देतात, आणि खेळाडू त्याखाली शिरतो.

• देह मोठा होतो तशी एकूण ताकद वाढते, पण दर किलोमागची ताकद घटते. वजनगट असतात ते त्यासाठीच.

• पाठ ही पायांची ताकद बारपर्यंत पोचवणारी वाट आहे. ती बळकट करणे हा अलेक्सेयेव यांच्या सरावाचा गाभा होता.

• प्रेस हा प्रकार १९७२ नंतर रद्द झाला. उरलेल्या दोन प्रकारांत अलेक्सेयेव यांनी चार वर्षांत ३५ किलोंची भर घातली.

• बारवरचे वजन कमी करता येत नाही, म्हणून पहिल्या प्रयत्नाची निवड निर्णायक ठरते. मॉस्कोत तेच झाले.